हंसाबाईच्या आंब्याची ज्यूरी

कचेरीचा चपराशी कागद घेऊन आला तेव्हा उकंडा खड्ड्यात उभा राहून करवतीचं खालचं टोक ओढत होता. वर ओंडक्यावर पाय रोवून त्याचा जोडीदार भीमराज उभा होता. कारेगावच्या एका घराच्या चौकटींसाठी दोघं लाकूड चिरत होते. चपराशी खड्ड्याच्या काठाशी आला आणि खाली वाकून म्हणाला, "उकंडा वल्द महादू कोन हाय?"

उकंडाने पापण्यांवरचा भुसा पुसला. "मीच. काहून?"

"हे घे. ज्यूरीचा कागद हाय. इथं अंगठा कर."

नेमकी त्याच वेळी उकंडाची बायको तुळसाबाई भाकर घेऊन येत होती. तिने ऐकलं ते वेगळंच. "चोरी? कोनाची चोरी?" ती लांबूनच ओरडली. "हा मानूस सकायपासून खड्ड्यात हाय. इचार त्या भीमराजले!"

"चोरी नाई बाई, ज्यूरी," चपराशी वैतागून म्हणाला. "पाच मानसाची पंचाईत समज. फाट्यावरच्या हंसाबाईच्या आंब्याची. त्यात याचं नाव हाय."

उकंडा वर आला. हात पायजम्याला पुसून त्याने चपराशाच्या कानावरची पेन्सिल मागितली आणि कागदाच्या तळाशी आपलं नाव लिहिलं. दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या सगळ्यांनी बौद्ध धम्म घेतला, तेव्हा यवतमाळहून आलेल्या पोरांनी तिथे लिहिण्यावाचण्याचा वर्ग चालवला होता. उकंडा त्यात तीन महिने बसला होता. नाव त्याला झोकात लिहिता येई. दुसऱ्याने लिहिलेलं वाचायला मात्र वेळ लागे, आणि हा कागद तर अर्धा इंग्रजीत होता. वर छापलेलं 'मध्यप्रदेश' शाईने खोडून कुणी तरी 'मुंबई राज्य' असं लिहिलं होतं. उकंडाला वाटलं, एवढी खाडाखोड आहे म्हणजे कागद दुसऱ्याच कुणाचा असावा.

"झाड हंसाबाईचं, मंग माहं नाव कोनं देल्लं?" त्याने विचारलं.

"तिनंच देल्लं," चपराशी म्हणाला आणि सायकलला टांग मारून निघून गेला.

उकंडा हंसाबाईला ओळखत होता, पण तेवढंच. फाट्यापलीकडच्या तांड्यातली ती विधवा बाई. नवरा गेल्यावर वावर तिनेच सांभाळलं. सहा वर्षांपूर्वी उकंडाने तिच्या घराची चौकट चिरून दिली होती. त्यानंतर बाजारात दिसली तर 'रामराम', आणि अलीकडे त्याने 'जयभीम' म्हटलं की ती गोंधळून आधी 'रामराम' म्हणायची आणि मग मान हलवायची. यापलीकडे दोघांत काही नव्हतं.

संध्याकाळी तो डोमाजी मास्तरांकडे गेला. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, आणि गावातला इंग्रजी कागद शेवटी त्यांच्याच ओसरीवर यायचा. त्यांच्यापुढे तसाच एक कागद आधीच पडलेला होता.

"तू पण?" मास्तर चष्मा वर करून म्हणाले. "बस. मला त्यांनी या ज्यूरीचा मुख्य केलंय. तालुक्याच्या दंडाधिकारी साहेबांनी मला, पाटलांना आणि लखीराम शेटजींना नेमलं. बाकी दोन नावं हंसाबाईनं द्यायची होती. तिनं तांड्याचा खेमसिंग नाईक दिला आणि तुला दिलं."

"पन कायसाठी?"

मास्तरांनी कागद वाचून दाखवला. सदरहू आंब्याचं झाड सार्वजनिक रस्त्यालगत असून पडण्याजोग्या स्थितीत आहे, त्यापासून रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांस व जवळपास धंदा करणाऱ्यांस इजा पोहोचण्याचा संभव आहे, सबब ते पंधरा दिवसांत तोडून टाकावे असा हुकूम झाला होता. हंसाबाईने हुकमाला हरकत घेऊन ज्यूरी मागितली होती. आता हुकूम वाजवी व योग्य आहे किंवा कसे, हे पाच जणांनी सांगायचं होतं.

"म्हंजे झाड पडते का नाई, हे सांगाचं," उकंडा म्हणाला.

"तसं नाही. हुकूम वाजवी आहे का नाही, ते सांगायचं."

"हुकूम साहेबाचा हाय ना?"

"साहेबांचाच."

"मंग साहेबाचा हुकूम बरोबर हाय का नाई, हे मी साहेबाले सांगाचं?"

मास्तरांनी कागद पुन्हा वाचला. मग चष्मा काढून ठेवला. "कायद्यात तसंच दिसतंय," ते म्हणाले. "तीस वर्षं शाळेत काढली, पण असं काही मीही पहिल्यांदाच वाचतोय."

आंबा गावातल्या सगळ्यांना माहीत होता. दारव्ह्याकडून येणारा रस्ता जिथे कारेगावकडे वळतो, तिथे हंसाबाईच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, तो उभा होता. त्याचं खोड रस्त्याकडे कललेलं होतं आणि फांद्यांचा पसाराही तिकडेच जास्त होता. एक जाड फांदी तर अशी आडवी गेली होती की तिच्या सावलीत अख्खी प्रवासी मोटर उभी राहायची. सावली होती म्हणून मोटर तिथे थांबायची, मोटर थांबायची म्हणून घनश्यामने तिथे चहाचं हॉटेल टाकलं, आणि हॉटेल होतं म्हणून मोटर नसतानाही माणसं तिथे बसून राहायची. दिवाळीनंतर एका दुपारी, वारा नाही की काही नाही, त्या फांदीचा एक फाटा मोडून पडला आणि नेरकडच्या एका बाईच्या खांद्याचं हाड मोडलं. तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेताना उकंडाने स्वतः पाहिलं होतं. ती ओरडत नव्हती. आपलं गाठोडं कुणी घेतलं एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. त्यानंतर घनश्यामने कचेरीत अर्ज दिला आणि तिथून हे सुरू झालं.

वस्तीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. एक म्हणे, "सरकारनं आपल्या मानसाले पाटलाच्या मांडीले मांडी लावून बसवलं, आता पाटील म्हनते त्याच्या उलट बोल." दुसरा म्हणे, "उलट बोलू नोको, बोलून मोकळा होशीन, राहाचं इथंच हाय." तुळसाबाई एकच प्रश्न विचारत राहिली. "हंसाबाईनं तुमचंच नाव काहून देल्लं? तिले वाटलं असन, हा गरीब मानूस हाय, आपल्या बाजूनं बोलन."

"तसं असन," उकंडा म्हणायचा.

"का तिले वाटलं, हा कोनाले भेत नाई?"

"तसंही असन."

तुळसाबाईला ही उत्तरं पटत नव्हती.

ठरल्या दिवशी सकाळी पाचही जण फाट्यावर जमले. आंबा मोहरला होता. रस्त्याकडच्या फांदीला तर पान दिसत नव्हतं इतका मोहर होता, आणि खाली बाकड्यावर बसलेल्यांच्या टोप्यांवर पिवळी भुकटी पडली होती. हंसाबाई धुऱ्यावर ओढणी डोक्यावर घेऊन उभी होती.

घनश्यामने पाच ग्लास एकाच ताटलीत आणले. उकंडाने ताटलीकडे पाहिलं आणि थबकला. या हॉटेलात त्याच्या वस्तीच्या माणसांसाठी कान तुटलेले कप बाहेर खिळ्याला टांगलेले असत. धम्म घेतल्यापासून त्यांच्यातलं कुणी इथे चहा प्यायलं नव्हतं. आज पाचही ग्लास सारखे होते. हा ग्लास ज्यूरीला होता, कायद्याच्या भीतीने होता, की मत मिळावं म्हणून होता? नको म्हणावं, तर ज्या गोष्टीसाठी दोन वर्षं चहा सोडला तीच समोर आली होती. घ्यावा, तर उद्या मत कुठेही गेलं तरी लोक म्हणणार, चहाला विकला गेला. पाटील फुंकर मारून पीत होते. उकंडाने ग्लास उचलला आणि उभ्यानेच पिऊन टाकला.

ग्लास परत घेताना घनश्याम हळूच म्हणाला, "उकंडा, मले झाड तोडाचं नोहतं बाप्पा. मी अर्ज फांदीचाच केलता. अर्ज लिहिनाऱ्यानं झाड लिवलं."

"मंग साहेबाले सांग ना!"

"गेलतो सांगाले. तं म्हनते, आता तुमचा संबंध नाई, आता हे सरकारचं काम हाय. झाड गेलं तं माह्या हॉटेलात बसन कोन उन्हात?"

उकंडाला वाटलं, एवढं ऐकल्यावर तरी गोष्ट सोपी व्हायला हवी होती. ती उलट जास्त गुंतली. ज्याने तक्रार केली त्यालाच झाड हवं होतं.

त्याने कुऱ्हाड घेतली आणि तिच्या बोथट बाजूने खोडावर ठोके द्यायला सुरुवात केली. वावराच्या बाजूला आवाज भरीव आला. रस्त्याच्या बाजूला, कमरेएवढ्या उंचीवर, तो बद्द झाला. तिथे एक ढोली होती. उकंडाने बाही वर करून खांद्यापर्यंत हात आत घातला. आतलं लाकूड ओल्या भुशासारखं चुरत होतं. हात बाहेर काढला तेव्हा त्यावर काळ्या मुंग्या चढल्या होत्या.

"काय म्हनते झाड?" पाटलांनी विचारलं.

"पोकळ हाय."

"मंग झालं. तोडा."

"पोकळ झाडही उभं राह्यते, पाटील. वावराकडची बाजू चांगली हाय."

"किती दिवस उभं राहीन?" लखीराम शेटजींनी विचारलं.

"थे मले नाई सांगता येत. दहा वर्स राहीन. उद्याही पडन."

"हे काय उत्तर झालं?" शेटजी चिडले. "तू लाकडातला मानूस ना? त्या बाईचं हाड मोडलं. पुढच्या खेपेले डोकं फुटन, तवा काय सांगशीन, पोकळ होतं पन उभं होतं?"

खेमसिंग नाईक पुढे आला. त्याने काठी जमिनीवर आपटली. "बारा वर्सापासून मी पाहून राह्यलो, झाड तसंच वाकलेलं हाय. एक फाटा मोडला म्हनून झाड मारता काय? या बाईचं उन्हाळ्याचं सारं याच्यावर हाय."

मास्तरांनी वहीत लिहून घेतलं. पाटील आणि शेटजी: हुकूम वाजवी. खेमसिंग: वाजवी नाही. मग त्यांनी बराच वेळ पेन झटकलं आणि स्वतःचं मत लिहिलं: वाजवी नाही. "नुसत्या संशयावरून उभं झाड तोडा म्हणायला माझं मन होत नाही," ते म्हणाले. "दोन आणि दोन झाले. उकंडा, आता तुझ्यावर आहे."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. धुऱ्यावरून हंसाबाईही बघत होती. उकंडाने फांदीकडे पाहिलं, खोडाकडे पाहिलं, बाकड्यावर मोटरची वाट बघणाऱ्या तीन माणसांकडे पाहिलं. आजवर त्याला कुणी काही विचारलं ते लाकडाची जाडी आणि लांबी. त्याची उत्तरं त्याला येत होती.

"मी साहेबालेच सांगीन," तो म्हणाला.

"असं चालत नाही," मास्तर म्हणाले. "कागदावर हो किंवा नाही लिहून द्यायचं आहे."

"मंग कागदावर लिवा, उकंडा साहेबाले सांगते."

मास्तरांनी खरोखरच तसं लिहिलं.

तारखेला पाचही जण तालुक्याला गेले. कचेरीच्या व्हरांड्यात हंसाबाई आधीच बसली होती. साहेब तरुण होता. राज्यं बदलल्यावर पश्चिमेकडून बदलून आला होता, आणि इथले जुने छापील कागद वाचताना त्याच्याही कपाळाला आठ्या पडत होत्या. मास्तरांचा कागद वाचून त्याने वर पाहिलं.

"उकंडा कोण? काय सांगायचं आहे तुम्हांला?"

'तुम्हांला' ऐकून उकंडाने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"साहेब, मी हो म्हनलं तं खोटं होते, आन नाई म्हनलं तंही खोटं होते," तो म्हणाला. "झाड आतून पोकळ हाय, हे खरं हाय. पन पडन का, हे मले कळत नाई. मले एवढंच कळते का रस्त्यावरची फांदी लई जड हाय. थे काढली तं झाडाचं वझं कमी होते, आन रस्त्यावर पडाले काही राह्यत नाई. मोटर वीस पावलं पुढं त्या कडूनिंबाखाली उभी कराची. मानसं तिकडं बसतीन. झाड राहीन. पन हे हो मधी बसत नाई आन नाई मधीही बसत नाई, म्हनून मी लिवून देल्लं नाई."

साहेबाने शेजारी बसलेल्या कारकुनाकडे पाहिलं. "असं करता येतं?"

"यापूर्वी झाल्याचं आठवत नाही, साहेब."

साहेबाने एक जाड पुस्तक मागवलं. पानं उलटता उलटता बराच वेळ गेला. उकंडाला वाटलं, आपण काही तरी गुन्हा केला आणि त्याचं कलम शोधणं चाललं आहे. अखेर साहेबाने एका ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने मराठीत सांगितलं, ज्यूरीने फेरबदल सुचवला आणि तो दंडाधिकाऱ्याला मान्य झाला, तर हुकूम त्या फेरबदलासह कायम करता येतो.

"तुम्हांला हे कलम कुणी सांगितलं?" त्याने उकंडाला विचारलं.

"कोन्तं कलम?" उकंडा म्हणाला.

साहेब पहिल्यांदा हसला. त्याने मास्तरांना आणि खेमसिंगला विचारलं, हा फेरबदल तुम्हांला मान्य आहे का. दोघांनी मान हलवली. तीन झाले. फांदी पंधरा दिवसांत तोडावी, मोटरचा थांबा आणि हॉटेल निंबाखाली न्यावं, झाड ठेवावं, असा हुकूम लिहिला गेला. "फांदी कोण तोडेल?" साहेबाने विचारलं, आणि कुणी काही बोलायच्या आत उकंडा म्हणाला, "मीच तोडतो."

बाहेर हंसाबाई उठून उभी राहिली. आतलं बोलणं तिने ऐकलं होतं, पण तिला ते कळलं नव्हतं. "दादा, झाड राह्यलं का गेलं?"

"राह्यलं. एक फांदी गेली."

"कोन्ती?"

"रस्त्यावरची."

हंसाबाईचा चेहरा उतरला. "आरं, तिलेच तं सगळ्यात जास्त आंबे लागते," ती म्हणाली, आणि खेमसिंगच्या मागोमाग मोटरकडे चालू लागली. उकंडा तिथेच उभा राहिला. आपण तिचं झाड वाचवलं की अर्ध्याहून जास्त घालवलं, हे त्याला त्या पायरीवर कळेना.

फाल्गुनात त्याने आणि भीमराजने फांदी उतरवली. दोर बांधून, तुकड्या तुकड्याने, खाली माणूस उभा न करता. मोहराच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या. फांदीबरोबर त्या रस्त्याभर पसरल्या. घनश्यामने हॉटेल हलवलं. काम झाल्यावर उकंडा दूर जाऊन झाडाकडे बघत बसला. एका बाजूने उघडं पडलेलं ते झाड त्याला अनोळखी वाटलं.

वैशाखात एका दुपारी वादळ आलं. कोरडं, धुळीचं, दारव्ह्याकडून आलेलं. रस्त्याकडून वाऱ्याचा लोट आला आणि आंबा मुळासकट उपटून वावरात आडवा झाला. रस्त्यावर एक पान पडलं नाही. वावरात धुऱ्यालगत हंसाबाईचा गुरांचा कोठा होता. तो चेपला गेला, आणि आत बांधलेला तिचा गोऱ्हा जागच्या जागी मेला. पुढच्या वर्षी तो औताला जोडायचा होता.

उकंडा पोहोचला तेव्हा गाव तिथे जमलं होतं. बायका ओच्यात कैऱ्या वेचत होत्या. पाटील उकंडाला पाहून एवढंच म्हणाले, "आमी तं तोडा म्हनलं होतं." खेमसिंग नाईक म्हणाला, "फांदीनं झाडाचा तोल धरून ठेवला होता. तू थे काढली म्हनून झाड वावराकडं गेलं." मास्तर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नको. रस्ता सुरक्षित राहिला. कायद्याने जेवढं विचारलं होतं तेवढं बरोबर झालं." कागदात रस्त्याने जाणाऱ्या माणसांचं लिहिलं होतं. गोऱ्ह्याचं कुठे काही नव्हतं. उकंडाला ते तिघंही बरोबर वाटले, आणि म्हणूनच त्याचं डोकं चालेनासं झालं.

तो उपटलेल्या मुळांशी गेला. वावराकडची मुळं मोडून, चिरफाळून, मातीसकट वर आली होती. रस्त्याकडची तशी नव्हती. ती जाड मुळं जमिनीखाली हातभर अंतरावर सरळ कापलेली होती आणि कापलेल्या जागी जुनी काळी कुज धरली होती. उकंडाने त्यावरून बोट फिरवलं. चार वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला होता. तेव्हा कुदळीने नाली खोदली होती, ती इथूनच. रस्त्याकडून झाडाला धरून ठेवणारं तेव्हापासून काही उरलंच नव्हतं. त्यांनी पाच जणांनी खोड ठोकलं, ढोलीत हात घातला, फांदी मोजली. जमिनीखाली कुणी पाहिलं नव्हतं. त्यानेही नाही.

मग झाड कुणी पाडलं? नाली खोदणाऱ्यांनी? ते कुठले कोण, आता कुठे असतील? वाऱ्याने? की फांदी काढून त्याने? आणि फांदी राहिली असती तर झाड रस्त्यावर पडलं असतं का, तेव्हा तिथे कुणी बसलेलं असतं का? उकंडा एकेक प्रश्न धरायचा आणि त्याचं टोक सापडायच्या आत दुसरा पुढे यायचा. त्याने पाटलांना बोलावून मुळं दाखवली. पाटलांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आता हे कोनाले दाखवशीन?"

तिसऱ्या दिवशी उकंडा एकटाच तांड्यात गेला. हंसाबाई अंगणात बसून सुतळी वळत होती. तिने त्याला पाणी दिलं. तो पाणी प्याला आणि म्हणाला, "कोठा मी उभा करून देतो. त्याच आंब्याचं लाकूड आडव्याले चालन. खांब दुसरे पाहू."

"तू कायले करतं? तुह्या अंगावर हे काम मी टाकलं काय?"

"मी करतो."

ती पुन्हा सुतळी वळू लागली. म्हणजे हो, असं त्याने धरलं.

चार दिवस काम चाललं. हंसाबाई सामान हातात देई, मध्ये मध्ये गोऱ्ह्याचं काही आठवून बोले. तो कसा फक्त तिच्याच हातचं पाणी प्यायचा, त्याच्या कपाळावर पांढरा चट्टा कसा होता. उकंडा ऐकून घ्यायचा. ती त्याला दोष देत नव्हती, आणि दोष नाही असंही म्हणत नव्हती. चौथ्या दिवशी आडवं लाकूड बसवताना त्याने शेवटी विचारलं, "हंसाबाई, एक सांग. एवढ्या गावातून माहंच नाव काहून देल्लं होतं?"

हंसाबाईने सुतळीचा पीळ सोडून त्याच्याकडे पाहिलं. असा प्रश्न कुणी विचारेल असं तिला वाटलं नव्हतं.

"थो कारकून म्हने, दोन नावं सांग. एक मी नाईकाचं सांगतलं. दुसरं आठवेचना. साहेब पाहून राह्यला, कारकून पाहून राह्यला, मले तं माह्या भावाचंही नाव आठवे ना. मंग मले माह्या घराचं दार आठवलं. थे कोनं केलं? उकंडानं. म्हनून उकंडा म्हनलं."

"एवढंच?"

"मंग अजून काय पाह्यजे होतं?" तिने खरंच विचारलं.

तीन महिने त्याने या एका गोष्टीचे किती अर्थ लावले होते. गरीब म्हणून, निर्भय म्हणून, जात सोडलेला म्हणून, लाकूड जाणणारा म्हणून. त्यातला एकही नव्हता. त्याला वाईट वाटायला हवं होतं की हलकं, हेही त्याला ठरवता येईना.

"मी चुकलो काय?" त्याने लाकडाकडे बघत विचारलं.

"मले काय कळते?" हंसाबाई म्हणाली. तिने डोळ्यांना पदर लावला. धुळीने की कशाने, त्याने पाहिलं नाही. "रस्त्यावर कोनी मेलं असतं तं त्याची बायको माह्या दारात आली असती. आता मी कोनाच्या दारात जाऊ, थे मले समजत नाई. तुह्या दारात तं नाई येत मी. तू तं इथंच येऊन बसला."

दिवस मावळायच्या सुमाराला उकंडा घरी आला. तुळसाबाई चुलीपाशी होती. त्याने हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून बसला.

"काय म्हनली हंसाबाई?" तिने विचारलं. "रागात हाय?"

"नाई."

"मंग खुश हाय?"

"थेही नाई."

"मंग हाय तरी काय?"

"कोठ्याचं दार उगवतीले ठेवाचं का मावळतीले, इचारत होती," तो म्हणाला. "उद्या वारा पाहून सांगतो म्हनलं."